ह्युएनत्संग घरी पोचला का?

मुलांनो, वर्गात प्रश्न विचारायचे ते शिक्षकांनी आणि उत्तरं द्यायची ती मुलांनी, असं सगळ्यांना वाटतं. पण कधी कधी याच्या उलटही होतं. आमच्या वर्गात गेल्या दिवाळीच्या आधी तसंच झालं.

शनिवारची सकाळची शाळा होती. गोष्टीच्या तासाला मी ह्युएनत्संग या चिनी प्रवाशाची गोष्ट सांगत होते. बुद्धाच्या देशात जाऊन मूळ ग्रंथ शिकायचे, या एका ध्यासाने हा तरुण भिक्षू इ. स. 629 मध्ये चीनमधून निघाला. देशाबाहेर जायला तेव्हा बंदी होती, म्हणून लपतछपत निघाला. वाळवंटात त्याची पाण्याची कातडी पिशवी हातातून निसटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. चार रात्री आणि पाच दिवस तोंडात पाण्याचा थेंब नाही! शेवटी त्याच्या म्हाताऱ्या घोड्यानेच पाण्याचा माग काढला, म्हणून दोघे वाचले. पुढे तो नालंदा विद्यापीठात शिकला, सम्राट हर्षवर्धनाला भेटला आणि आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला.

गोष्ट संपली. मागच्या ओळीतला एक मुलगा उभा राहिला. "बाई, त्यो परत घरी गेला का?"

"गेला की! ग्रंथ घेऊन चीनला परत गेला."

"चीनला न्हाई, बाई. घरी. त्याच्या घरी गेला का?"

मी गप्पच झाले. आमच्या गावातली पुष्कळ माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. भांडीकुंडी, कोयते, धान्य ट्रकमध्ये भरून निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. या मुलाचे आईवडीलही जातात. तो आजीजवळ राहून शाळा शिकतो. गोष्टीतला माणूस किती लांब गेला, यापेक्षा तो परत आला का, हे त्याला जास्त महत्त्वाचं वाटलं. "शोधून सांगते," असं मी त्याला कबूल केलं.

हातात फक्त अर्धा दिवस

योगायोग असा, की त्या सुट्टीत मी चीनलाच जाणार होते. माझा धाकटा भाऊ शांघायला नोकरी करतो. त्याने मला बोलावून घेतलं आणि शीआन शहर दाखवायचं ठरवलं. शांघायहून अतिवेगवान रेल्वेने शीआनला पोचायला सहा-सात तास लागतात. संध्याकाळी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत फिरायचं. म्हणजे शहर बघायला हातात फक्त सकाळ!

भावाने अर्ध्या दिवसाची खाजगी सहल ठरवली होती. खाजगी सहल म्हणजे चाळीस-पन्नास माणसांच्या घोळक्यातून झेंडेवाल्या वाटाड्याच्या मागे धावायचं नाही. गाडी आपल्यापुरती, गाईडही आपल्यापुरता. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, ते आपण ठरवायचं. पैसे जास्त पडतात, पण वेळ वाया जात नाही.

रात्री जेवताना आमचं छोटंसं भांडण झालं. भाऊ म्हणाला, "ताई, जगभरची माणसं इथं मातीचे सैनिक बघायला येतात. आपण तेच बघू." त्याचंही खरं होतं. 1974 मध्ये शीआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना जमिनीत मातीचा एक पुतळा सापडला. पुढे तिथून माणसाएवढ्या उंचीच्या हजारो सैनिकांचं सैन्यच वर आलं. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याची राखण करायला ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलं होतं. पण ते ठिकाण शहरापासून सुमारे 40 किलोमीटर दूर. तिकडे गेलो असतो तर सकाळ तिथेच संपली असती. "मला मुलांचं एक उत्तर शोधायचंय," मी म्हटलं. भावाने हात टेकले.

तांगसंग!

सकाळी आठला गाईड गाडी घेऊन आली. पंचविशीतली हसरी मुलगी. इंग्रजी छान बोलत होती. मी तिला म्हटलं, "आम्हाला ह्युएनत्संगची जागा दाखवा." तिला काही कळेना. मी नाव तीनदा घेतलं. शेवटी "भिक्षू... भारत... ग्रंथ..." असं म्हणताच ती टाळी वाजवून ओरडली, "तांगसंग!"

तांगसंग म्हणजे तांग राजघराण्याच्या काळातला भिक्षू. खरं नाव ती 'श्वेन-त्सांग' असं काहीसं उच्चारत होती. आपल्या पुस्तकांत ते इंग्रजीच्या वाटेने आलं, म्हणून त्याचं ह्युएनत्संग झालं. चीनमधल्या पोराटोरांना हा तांगसंग ठाऊक असतो. त्याच्या प्रवासावर सोळाव्या शतकात एक अद्भुत कादंबरी लिहिली गेली. तिच्यात त्याच्या मदतीला एक महापराक्रमी वानर असतो. तो ढगांवर बसून उडतो आणि सोन्याच्या टोकांचा सोटा फिरवतो. मी तिला आपल्या मारुतीची गोष्ट सांगितली, तेव्हा तिचे डोळे मोठे झाले.

तिकीटखिडकीवरच्या माणसाने तिला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "यिन्दू." यिन्दू म्हणजे भारत. गंमत म्हणजे हेही ह्युएनत्संगचंच देणं. चिनी लोक पूर्वी भारताला निरनिराळ्या नावांनी ओळखत. खरा उच्चार 'यिन्दू' असा आहे, हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं. तेच नाव आजही चालतं.

हंसाचा मनोरा

समोर विटांचा चौकोनी मनोरा उभा होता. सात मजले, उंची सुमारे 64 मीटर. याला म्हणतात 'थोरल्या रानहंसाचा पॅगोडा'. तो इ. स. 652 मध्ये बांधला. पुढच्या चौकात हातात काठी घेतलेल्या ह्युएनत्संगचा उंच पुतळा आहे.

"चीनमधल्या मनोऱ्याला हंसाचं नाव कसं?" मी विचारलं. गाईडने गोष्ट सांगितली ती चक्क आपल्या मगध देशातली! तिथल्या एका मठात भिक्षूंना एके दिवशी मांस मिळालं नाही. वरून हंसांचा थवा चालला होता. एक भिक्षू चेष्टेने म्हणाला, "आम्ही उपाशी आहोत, हे वरच्यांना कळायला हवं!" तोच सर्वांत पुढचा हंस गतप्राण होऊन खाली पडला. भिक्षूंना लाज वाटली. त्यांनी मांस सोडलं आणि हंस पडला तिथे स्तूप बांधला. ह्युएनत्संगने ही गोष्ट भारतात ऐकली आणि लिहून नेली.

आतल्या लाकडी जिन्याने आम्ही वर चढलो. चौथ्या मजल्यावर मला धाप लागली. जरा टेकले आणि माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तिला विचारला. ती क्षणभर थांबली. म्हणाली, "असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. सगळे मनोऱ्याची उंची विचारतात."

मग तिने पुढची हकीकत सांगितली. परतताना सिंधू नदी ओलांडताना होडी हेलकावली आणि सुमारे 50 पोथ्या पाण्यात गेल्या. ह्युएनत्संगने थांबून त्यांच्या नव्या नकला मागवल्या. मग खोतानला पोचल्यावर त्याने सम्राटाला पत्र धाडलं, "मी परवानगीवाचून गेलो होतो, आता परत येतो आहे." सम्राटाने रागावण्याऐवजी त्याला मानाने बोलावलं. इ. स. 645 मध्ये तो या शहरात आला, तेव्हा रस्त्यांवर माणसांची रीघ लागली होती. वीस घोड्यांवर लादून त्याने 657 ग्रंथ आणले होते.

त्यानंतर तो सुखाने बसला का? छे! इ. स. 664 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे 19 वर्षे, तो संस्कृत ग्रंथांचं चिनी भाषांतर करत राहिला. 75 ग्रंथ, एकूण 1335 भाग! त्यांतल्या कित्येकांच्या मूळ पोथ्या भारतात नाहीशा झाल्या, पण त्याच्या भाषांतरांमुळे आज ते ग्रंथ वाचता येतात. हा मनोराही त्या पोथ्या आगीपासून जपाव्यात म्हणूनच बांधला. बांधकाम चालू असताना पन्नाशीतला हा पंडित स्वतः टोपलीतून विटा वाहत होता, असं त्याच्या चरित्रात सांगितलं आहे.

"पण घरी?" मी पुन्हा विचारलं.

"त्याचं गाव इथून पूर्वेला, लोयांगजवळ. इ. स. 657 मध्ये सम्राटाबरोबर तिकडे जायला मिळालं, तेव्हा तो आपल्या माणसांची चौकशी करायला गेला. आईवडील तर तो लहान असतानाच वारले होते. बहुतेक नातेवाईकही उरले नव्हते. एक थोरली बहीण तेवढी होती. तिला तो भेटला. तिला बरोबर घेऊन आईवडिलांच्या थडग्यांवर गेला. थडगी मोडकळीला आली होती, म्हणून त्याने चांगल्या जागी नवी बांधली."

भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

सर्वांत वरच्या मजल्याच्या खिडकीतून सरळ, रुंद रस्ते दिसत होते. मला वाटलं, या माणसाने सोळा वर्षे हिंडून आपला देश पाहिला आणि आम्ही त्याचं शहर पाहतोय अर्ध्या दिवसात! महाराष्ट्रात तो चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याच्या काळात आला. हर्षालाही या राजाला हरवता आलं नाही, असं त्याने लिहिलं. इथले लोक साधे, मानी, उपकार न विसरणारे आहेत, अडल्यानडल्याला स्वतःला विसरून मदत करतात, पण अपमान झाला तर सूड घेतात, आणि तोही शत्रूला आधी कळवून, असंही लिहिलं. त्या काळची आपली माणसं कशी होती, हे आज आपल्याला एका परक्या पाहुण्यामुळे कळतं. त्याने नीट पाहिलं, विचारलं आणि लिहून ठेवलं, म्हणून.

तटावरची सायकल

पुढचा मुक्काम शहराचा तट. ह्युएनत्संगच्या वेळी या शहराचं नाव चांगआन होतं. चांगआन म्हणजे चिरशांती. सुमारे 84 चौरस किलोमीटरचं हे शहर तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. तांग घराणं गेलं आणि शहर आक्रसलं. आज दिसतो तो तट मिंग घराण्याने 1370 नंतर बांधला. त्याच्या आतलं शहर इतकं लहान, की हंसाचा मनोरा त्याच्या बाहेर राहिला!

तट 12 मीटर उंच, माथ्यावर 12 ते 14 मीटर रुंद आणि घेर 13.7 किलोमीटर. दर 120 मीटरवर एक बुरूज बाहेर आलेला. दोन्ही बुरुजांवरून बाण सोडले तर एकेकाला 60 मीटरच मारा करावा लागे, म्हणून हे अंतर. करा बरं हिशेब!

वर भाड्याने सायकली मिळतात. पूर्ण फेरीला वेळ नव्हता, म्हणून आम्ही दक्षिण दरवाजापासून थोडं पुढे जाऊन परत फिरलो. दगडविटांवरून सायकल अशी उडत होती, की माझे दात वाजले. भाऊ मात्र शाळेतल्या पोरासारखा पुढे पळत होता. मातीच्या सैनिकांचं दुःख तो विसरला असावा!

पन्नास रेघांचं एक अक्षर

शेवटचा तास शहराच्या मध्यभागी. तिथला घंटामनोरा 1384 मध्ये बांधला आणि 1582 मध्ये सोडवून, उचलून आजच्या जागी पुन्हा उभा केला. जवळच नगारामनोरा आहे आणि त्याच्या मागे हुई मुसलमानांची वस्ती. तिथली मोठी मशीद बघून मी चकित झाले. घुमट नाही, उंच मिनार नाही, उलट चिनी देवळासारखी कौलारू छपरं आणि बागा! रेशीम मार्गाने आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर हा धर्म इथे आला आणि इथलाच होऊन गेला.

गल्लीत डाळिंबाचा रस, वाफाळणाऱ्या पट्टीएवढ्या रुंद शेवया आणि गाड्यांवर रचलेली केशरी फळं होती. खाणावळीत माणसं भाकरीसारखी कडक रोटी हाताने बारीक कुस्करत होती. मग ती रश्श्यात घालून खातात. अगदी आपल्याकडच्यासारखंच! रुंद शेवयांचं नाव 'ब्यांगब्यांग'. त्यातलं 'ब्यांग' हे एकच अक्षर लिहायला पन्नासहून अधिक रेघा काढाव्या लागतात. 'क्ष' आणि 'ज्ञ' काढायचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

एक वाजता गाईडचा निरोप घेतला. "श्ये श्ये," म्हणजे धन्यवाद, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, आता मी सगळ्या पाहुण्यांना त्याचा प्रश्न सांगणार आहे."

शाळेत परत

सुट्टी संपल्यावर मी वर्गात सगळी हकीकत सांगितली. वर्गात काही बाकं रिकामी होती. तो मुलगा होता. शेवटी मी त्याला म्हटलं, "पोचला बरं का घरी. फार उशिरा, पण पोचला. बहीण भेटली."

तो विचार करून म्हणाला, "यायच्या आधी निरोप धाडला हुता ना त्यानं?"

"हो, राजाला पत्र पाठवलं होतं."

"मग ठीक हाय. आमचे आईबाबा बी निघायच्या आधी फोन करत्यात."

मुलांनो, तुमच्या पुस्तकातही अशी कितीतरी माणसं दोन ओळींत येऊन जातात. त्यांतलं एखादं नाव निवडा. ते माणूस कुठून निघालं, वाटेत त्याला काय सोसावं लागलं आणि ते घरी पोचलं का, हे शोधा. आईबाबांनाही शोधायला बसवा. आणि उत्तर सापडलं, की आम्हालाही जरूर कळवा!