नकाशावरची टाचणी आणि जमिनीवरचा डबा

1 मे 2000 च्या मध्यरात्री अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारे रिसीव्हर एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आले. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरली, तीत पुस्तके, सॉफ्टवेअर आणि एक गलोल ठेवली आणि जागेचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले: उत्तर 45° 17.460', पश्चिम 122° 24.800'. आकडे घ्यायचे, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे, हा जिओकॅशिंगचा खेळ तिथून सुरू झाला.

या आकड्यांची मांडणी नीट बघायला हवी. अंश, मग मिनिटे, आणि मिनिटांचे तीन दशांश. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे 1852 मीटर, म्हणून शेवटचा अंक एकाने बदलला की जागा 1.85 मीटर सरकते. रेखांशाची मिनिटे ध्रुवाकडे आखडत जातात, त्यामुळे ओरेगनमध्ये तिकडची पायरी 1.3 मीटरची. लिहिण्याची पद्धत इतकी बारीक आहे, पण ती घाईत वाचली तर मोठा घोळ होतो. 45° 17.460' हे कुणी 45.17460 अंश असे नकाशात भरले आणि रेखांशाचेही तेच केले, तर टाचणी बादलीपासून आग्नेयेला तब्बल 18 किलोमीटरवर पडते!

आकडे बरोबर भरले तरी मोजमापाची चूक उरतेच. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण 5 मीटरपर्यंत चुकतो. दाट झाडीत किंवा कड्याखाली संदेश खडकांवर आपटून उशिरा पोहोचतो आणि चूक वाढते. शिवाय चूक दोघांची असते, ठेवणाऱ्याची आणि शोधणाऱ्याची. दोघेही 5 मीटरने चुकत असतील, तर एकत्रित चूक सुमारे 7 मीटर भरते. म्हणून फोनने ‘शून्य मीटर’ दाखवल्यावरही चहूबाजूंना दहा-एक पावले शोधावे लागते. त्यात रिसीव्हरचा काही दोष नाही.

खरी फसगत मात्र पडद्यावर होते. उपग्रहचित्रावर टाचणी ओढ्याच्या मधोमध दिसते आणि शोधणारा म्हणतो, आकडे चुकले. पुष्कळदा सरकलेले असते ते चित्र. संगणकावर गुगल अर्थ उघडा, ओळखीच्या घराच्या कोपऱ्यावर टाचणी रोवा आणि जुनी चित्रे वर्षागणिक पुढे-मागे करा. टाचणी जागच्या जागी राहते, घर मात्र काही मीटर इकडे-तिकडे हलते. उपग्रहाचा कॅमेरा बहुधा तिरका बघत असतो. डोंगरउताराची उंची हिशेबात थोडी जरी चुकली, तरी तिथली झाडे, पायवाटा चित्रात बाजूला ढकलल्या जातात. 2008 मध्ये डेव्हिड पोटेरे यांनी जगातल्या 109 शहरांतले 436 बिंदू तपासले, तेव्हा गुगल अर्थच्या चित्रांची सरासरी चूक सुमारे 40 मीटर निघाली होती. आजची चित्रे त्याहून पुष्कळ सुधारली आहेत, पण डोंगराळ भागात त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये असे मला ठामपणे वाटते. चीनमध्ये तर सरकारी नियमानुसार नकाशेच शेकडो मीटर सरकवलेले असतात.

याहून खोलवरचा प्रश्न असा, की अक्षांश-रेखांश मोजायचे कुठून? ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाच्या पट्टीवर उभे राहून फोन पाहिला, तर त्यात शून्य येत नाही. ते 102 मीटर पूर्वेला, बागेत सापडते. ही शून्य रेषा ज्यांच्या दुर्बिणीवरून ठरली त्या खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी ती दुर्बीण तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून उभी लावली होती आणि ही दिशा पृथ्वीच्या केंद्राकडे तंतोतंत जात नाही. जीपीएसची चौकट, म्हणजे मोजणीचा संदर्भ, पृथ्वीच्या केंद्रापासून मोजते. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट ‘एव्हरेस्ट’ नावाच्या वेगळ्या चौकटीवर आहेत. त्यांवरचे आकडे तसेच फोनमध्ये भरले, तर सह्याद्रीतली खूण शंभरेक मीटर सरकते. घाटमाथ्यावर एवढ्यात पायवाटेऐवजी कडा येऊ शकतो, म्हणून चौकट बदलून घेतल्याशिवाय ते आकडे वापरूच नयेत.

त्यामुळेच जिओकॅशिंगच्या नियमांत नकाशावर बोट ठेवून आकडे घ्यायला मनाई आहे. प्रत्यक्ष जागेवर जाऊन रिसीव्हरने नोंद करावी लागते. नोंद वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी घेऊन सरासरी काढली तर आणखी उत्तम, कारण तोवर उपग्रहांची आकाशातली मांडणी बदललेली असते आणि चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात.

एवढे करूनही शेवटचा अंक कायमचा नसतो. ऑस्ट्रेलियाचा भूखंड दरवर्षी सुमारे 7 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. 1994 च्या चौकटीवर बेतलेले तिथले राष्ट्रीय नकाशे 2020 पर्यंत 1.8 मीटर मागे पडले आणि देशाला नवी चौकट स्वीकारावी लागली.