एका मिलिमीटरची किंमत

एका वैद्यकीय परिषदेत बोलताना मी लेझर पॉइंटर पडद्यावर रोखला, पण तो लाल ठिपका काही केल्या एका जागी थांबेना. ज्या रक्तवाहिनीवर तो ठेवायचा होता, तिच्या आजूबाजूलाच नाचत राहिला. समोरच्या तरुण डॉक्टरांना वाटलं असेल, सरांचं वय झालं. तुम्ही घरी करून पाहा. पॉइंटर वीस वर्षांच्या मुलाच्या हातात दिला तरी ठिपका हलतोच.

निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा सूक्ष्मपणे थरथरत असतो. हा आजार नव्हे, स्नायूंचं कामच तसं चालतं. त्यात श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या छातीची भर पडते आणि हृदयाच्या ठोक्याचीही. पायावर पाय टाकून बसा आणि वरच्या पावलाकडे बघा. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला पाऊल किंचित उडतं. तो गुडघ्यामागच्या धमनीचा धक्का असतो. आपण स्वस्थ बसलो आहोत असं आपल्याला वाटतं, पण शरीर कधीच स्वस्थ नसतं.

रोजच्या जगण्यात यानं काही बिघडत नाही. काही कामांत मात्र मिलिमीटरला किंमत असते. शस्त्रक्रिया हे त्यातलं एक. ओलिसांच्या सुटकेसाठी दूरवर दबा धरून बसलेल्या पोलिस नेमबाजाचं काम हे दुसरं. एक मीटर लांबीच्या बंदुकीचं टोक फक्त एक मिलिमीटर सरकलं, तर १०० मीटरवर नेम १० सेंटिमीटर चुकतो आणि ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर. ओलीस आणि त्याला धरून ठेवणारा, या दोघांच्या डोक्यांत कधीकधी तेवढंही अंतर नसतं.

ही किंमत किती मोठी असू शकते, ते जगानं ५ सप्टेंबर १९७२ च्या रात्री पाहिलं. म्युनिक ऑलिंपिकमध्ये पॅलेस्टिनी दहशतवाद्यांनी इस्रायलच्या पथकावर हल्ला केला. दोघांना क्रीडाग्रामातच मारलं आणि नऊ जणांना ओलीस धरून रात्री फुर्स्टेनफेल्डब्रुकच्या विमानतळावर नेलं. तिथे जर्मन पोलिसांनी सापळा लावला होता. हल्लेखोर चार-पाच असतील असा अंदाज होता, ते निघाले आठ. पोलिसांचे नेमबाज होते पाच, आणि त्यांच्यापैकी कोणालाही या कामाचं खास प्रशिक्षण नव्हतं. त्यांच्या रायफलींना दुर्बीण नव्हती, अंधारात पाहण्याचं साधन नव्हतं, एकमेकांशी बोलायला बिनतारी यंत्रंही नव्हती. गोळीबार सुरू झाला आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालला. नऊच्या नऊ ओलीस मृत्युमुखी पडले. एक पोलिस अधिकारी आणि पाच हल्लेखोरही ठार झाले.

या अपयशातून पश्चिम जर्मनीत दोन गोष्टी जन्माला आल्या. एक म्हणजे ‘जीएसजी-९’ हे खास प्रशिक्षित पथक. दुसरी म्हणजे केवळ पोलिसांच्या गरजेसाठी घडवलेली अचूक रायफल. हेक्लर अँड कॉख कंपनीची ‘पीएसजी-१’ ही त्यांतली सर्वांत गाजलेली. मला बंदुकांचं आकर्षण नाही. गोळीनं शरीराचं काय होतं ते आम्ही अपघात विभागात पाहतो. पण या रायफलीची रचना वाचताना मला शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक उघडल्यासारखं वाटलं. माणसाच्या प्रत्येक दुबळेपणाचा तिथे विचार केलेला आहे.

पहिली गोष्ट वजनाची. ही रायफल आठ किलोंहून जड आहे. जड वस्तू छोट्या धक्क्यानं सहज हलत नाही, त्यामुळे हाताचा कंप आणि नाडीचा ठोका नळीच्या टोकाशी पोहोचेपर्यंत विरून जातो. एवढं वजन हातांवर पेलायचं नसतं, त्यासाठी पुढे तिपाई असते. स्नायूंवर ताण नाही, म्हणजे कंपही कमी. नळी ६५० मिलिमीटर लांब आणि जाड आहे. ती पुढच्या भागाला कुठेही न टेकता मोकळी ठेवलेली असते, त्यामुळे हाताचा किंवा तिपाईचा दाब तिच्यावर येत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. दस्त्याची लांबी आणि गाल टेकवण्याच्या भागाची उंची माणसानुसार बदलता येते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्याच्या रायफलीवरचे असे सरकते भाग अनेकांनी टीव्हीवर पाहिले असतील. यामागचं कारण साधं आहे. मान अवघडली की दहा मिनिटांत स्नायू थकतात आणि थरथरू लागतात. पोलिस नेमबाजाला तर तासन्‌तास तसंच पडून राहायचं असतं.

तिसरी गोष्ट डोळ्याची, आणि मला सर्वांत आवडलेली. हिच्यावरची दुर्बीण सहा पट मोठं दाखवते आणि तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. ४२ ला ६ नं भागलं की उरतात ७. म्हणजे दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटर रुंद असतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात जवळपास तेवढीच विस्फारते. डोळ्याला घेता येईल तेवढा सगळा प्रकाश त्याला मिळावा, असं हे माप आहे. पन्नाशीनंतर बाहुली तेवढी उघडत नाही, त्यामुळे माझ्या डोळ्याला यातला काही प्रकाश वायाच जाईल!

चाप साधारण दीड किलोच्या दाबानं सुटतो. तो इतका हलका नाही की दचकल्यावर सुटेल आणि इतका जडही नाही की ओढताना नळी हलेल. एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाते. एका नेमबाजासमोर एकाहून जास्त हल्लेखोर असू शकतात, हा म्युनिकचा धडा. रिकामी पुंगळी मात्र कित्येक मीटर लांब उडते. रणांगणात त्यानं सैनिकाची जागा उघड होईल, पोलिसाला त्याची फिकीर नसते. ३०० मीटरवर ५० गोळ्या ८० मिलिमीटरच्या वर्तुळात, म्हणजे जेमतेम चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या पाहिजेत, हा तिचा निकष. तिची किंमत दहा हजार डॉलरांहून अधिक. ते पैसे बऱ्याच अंशी शरीराची चूक कमी करण्यासाठी मोजलेले असतात.

तरीही सगळी चूक संपत नाही. चाप ओढण्याची वेळ नेमबाज श्वासावरून ठरवतो. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी दोन-तीन सेकंदांची नैसर्गिक विश्रांती असते, सरावानं ती थोडी लांबवता येते. श्वास फार वेळ रोखला तर नजर धूसर होते, हातही थरथरतो. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी धावते, कंप दुप्पट होतो. यावर गोळी आहे. हात थरथरणाऱ्या रुग्णांना मी प्रोप्रॅनोलॉल नेहमी लिहून देतो. तीच घेतल्याचं आढळल्यामुळे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सूची पिस्तूल नेमबाजीतली दोन पदकं काढून घेतली गेली. म्हणजे तिचा उपयोग होतो. पण ऐन प्रसंगी कामी येतात ते सराव, झोप आणि शांत डोकं. यांतलं काहीच कारखान्यात बनत नाही.

एका रुग्णालयात मी महागडं व्हेंटिलेटर प्लास्टिकच्या आवरणात उभं असलेलं पाहिलं आहे. यंत्र आलं होतं, ते चालवणारी माणसं आली नव्हती. यंत्र आलं की फोटो निघतो. प्रशिक्षणाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याचे पैसे नेहमी मागे पडतात. म्युनिकमध्ये दोन्ही नव्हतं. जर्मनांनी नुसती रायफल घडवून हात झटकले नाहीत, ती धरणारी माणसंही घडवली, हे म्हणूनच महत्त्वाचं.

नेमबाजाचा बहुतेक वेळ दुर्बिणीतून पाहण्यात जातो. आत किती माणसं आहेत, कोण कुठे आहे, कोण जखमी आहे, हे तो मागच्यांना कळवत असतो. वाटाघाटी यशस्वी झाल्या तर चापाला हात न लावताच तो घरी जातो. आमच्या अतिदक्षता विभागातही ज्या रात्री शॉक द्यायचं यंत्र वापरावंच लागत नाही, ती चांगली रात्र. ते यंत्र आणि ते चालवणारा हात मात्र त्या रात्रीही तयारच ठेवावा लागतो.