यवतमाळचे पठार, पाऊस आणि पेरणीची वेळ

पेरणीचा दिवस ठरविण्यापूर्वी आपल्या भूमीची घडण जाणून घेणे अगत्याचे आहे. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस व पूर्वेस वर्धा, तर दक्षिणेस पैनगंगा वाहते. बेंबळेचे पाणी वर्धेस मिळते; अडाण, अरुणावती व पूस यांचे पैनगंगेस. तात्पर्य, मधल्या उंचवट्यावर पडलेला पाऊस अडविला नाही, तर तो दोन्ही उतारांनी जिल्ह्याबाहेर निघून जातो.

अरबी समुद्र येथून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर असल्याने हवामान विषम आहे. मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सियसच्या वर जातो; हिवाळ्यातील रात्री मात्र थंड असतात. अरबी समुद्रावरून येणारे वारे आपले बरेचसे पाणी सह्याद्रीवरच टाकतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन ते पश्चिमेकडे सरकले, म्हणजे आपल्याकडे चांगला पाऊस होतो. अशा दोन क्षेत्रांमधील अंतर लांबले की पावसात खंड पडतो. म्हणून वार्षिक सरासरी समाधानकारक असूनही पीक धोक्यात येऊ शकते.

हा खंड प्रत्येक शेतास सारखाच बाधत नाही. नदीकाठची खोल काळी जमीन ओल दीर्घकाळ धरून ठेवते. उतारावरील उथळ, बरड जमीन काही दिवसांतच कोरडी पडते. मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून पेरलेले बियाणे अशा जमिनीत करपते आणि दुबार पेरणीचा खर्च कर्जाच्या रूपाने कुटुंबावर येऊन पडतो.

सबब, कोरडवाहू शेतकरी बंधूंनी ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याखेरीज पेरणी करू नये. पेरणी उतारास आडवी करावी. कपाशीच्या शेवटच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडाव्यात, म्हणजे पाणी शेतातच मुरते. एक हेक्टरावर पडलेला २५ मिलीमीटर पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर पाणी होय. ते धुऱ्याबाहेर जाऊ देणे परवडणारे नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील पाऊस रोज मोजून तो चावडीवरील फळ्यावर लिहावा. आकाशाकडे पाहून केलेल्या अंदाजापेक्षा ही नोंद पेरणीस अधिक भरवशाची ठरेल.