इंटरकूलर घेताना काय बघाल?

मुकुटबनच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला, की टर्बोच्या गाडीचा दम आधी तुटतो. हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली गेली, तर टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली तरी ती 145 अंशांच्या आसपास तापते. तापलेली हवा विरळ, म्हणजे इंजिनाला ऑक्सिजन कमी.

या हवेत आणि बाहेरच्या हवेत 100 अंशांचं अंतर. ही हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या इंटरकूलरने त्यातले 70 अंश उतरवले, तर त्याची कार्यक्षमता 70 टक्के. हवा 75 अंशांवर येते आणि सुमारे 20 टक्के घट्ट होते. दुकानदाराला दुसरा आकडाही विचाराच: कूलरमधून जाताना दाब किती पडतो? तो फार पडला, तर थंडाव्याची कमाई तिथेच संपते.

जाड पट्ट्यांचा कूलर मजबूत आणि उशिरा तापणारा, पण जड. नळी-जाळीचा हलका, रोजच्या गाडीला माझ्या मते हाच बरा. मात्र इथल्या सिमेंट कारखान्याची आणि कोळशाच्या ट्रकांची धूळ जाळीत बसते. ती कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा. प्रेशर गनने नाजूक पाती वाकतात.

आणखी एक. पाइपच्या क्लॅम्पपाशी तेलकट काळा डाग दिसतोय, डिझेल गाडी काळा धूर सोडतेय आणि चढाला ओढत नाही? नवा कूलर घेण्याआधी तो पाइप गळतोय का, ते तपासा.