यंत्राची वही

आपल्या उज्जयिनीत विनोद मिल आणि हीरा मिल चालू होत्या, त्या काळी फ्रीगंजमधील कित्येक घरांचा दिवस पाळीच्या वेळेप्रमाणे उगवत व मावळत असे. त्या गिरण्या आता बंद आहेत. परंतु तेथील जुन्या फिटर मंडळींची एक सवय ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. फिटर पेचकसाचे टोक बेअरिंगवर टेकवी, मूठ कानाशी धरी आणि सांगे, "आठवडाभर चालेल, सुटीच्या दिवशी बदलून टाका." यंत्र मोडण्यापूर्वी बोलते, हे त्यास ठाऊक होते. अडचण एवढीच, की ही विद्या त्याच्या कानात राही, आणि तो सेवानिवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाई.

आज आपली मुले देवास, पिथमपूर, विक्रम उद्योगपुरी येथे नोकरीस जातात आणि "मेंटेनन्समध्ये संगणकावर काम आहे" असे सांगतात. ते काम काय, हे घरच्यांनाही कळावे म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

यंत्राची निगा तीन प्रकारे राखता येते. पहिला प्रकार, मोडल्यावर दुरुस्त करणे. यात काम अवचित थांबते आणि नुकसान मोठे होते. दुसरा, ठराविक मुदतीने भाग बदलणे. यात पुष्कळदा चांगला भागही फेकला जातो. तिसरा, यंत्राची प्रकृती पाहून उपाय करणे. हा सर्वांत काटकसरीचा खरा. पण त्यास रोजची नाडीपरीक्षा हवी. संगणकाचा उपयोग येथेच होतो.

एक उदाहरण घेऊ. विजेची मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 24. तिच्यावर बसविलेले लहानसे उपकरण कंप मोजते व संगणक त्याची फोड करतो. सेकंदाला 24 वेळा येणारा कंप वाढला, तर फिरत्या भागाचा तोल बिघडला असावा. 48 वेळा येणारा वाढला, तर मोटर व पंप यांचे आस एका रेषेत नसावेत. बेअरिंग झिजू लागले, की याहून जलद व बारीक कंप उमटतात. फिटरचा कान हेच ओळखीत होता. संगणक ते आकड्यांत लिहून ठेवतो, एवढाच फरक. 1910 साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या किर्लोस्कर बंधूंच्या कंपनीचा पंपांचा कारखाना देवासला आहे. पंपांची प्रकृती दुरून पाहता यावी, अशी सोय ही कंपनीही आता देते.

दुसरे काम वहीचे. प्रत्येक यंत्रास क्रमांक असतो. तेल केव्हा घातले, कोणता भाग बदलला, किती वेळ काम थांबले, सुटा भाग कोठारात आहे की नाही, हे सर्व त्या क्रमांकाखाली नोंदले जाते. तोच बिघाड वर्षात तीनदा झाला, तर वही ते दाखविते. मग दोष भागाचा नसून बसविण्याच्या रीतीचा आहे, हे ध्यानात येते.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. तेल न घालता "घातले" अशी खूण केली, तर संगणक ती खरी मानतो. खोटी वही कोऱ्या वहीपेक्षा घातक. कारण तिच्या भरवशावर माणूस निर्धास्तपणे यंत्राजवळ उभा राहतो.

आपल्या गावाला ही गोष्ट नवी नाही. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली येथील वेधशाळा जीर्ण झाली होती. 1923 साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला, आणि वेध घेण्याचे काम पुन्हा सुरू झाले. यंत्रे दगडाचीच होती. पण पाहणारा डोळा आणि प्रामाणिकपणे लिहिणारा हात मिळाला, तेव्हाच ती पुन्हा उपयोगी ठरली.

म्हणून आमची दोन्ही पिढ्यांना विनंती आहे. ज्यांनी गिरणीत हयात घालविली, त्यांनी आपल्या कानाची विद्या नातवंडांस सांगावी. आणि नातवंडांनी ती वहीत उतरवावी. कान आणि वही एकत्र आली, तर यंत्रही टिकेल आणि यंत्रावरचा माणूसही सुखरूप घरी येईल.