अंगावरचा कूलर

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं सरकला की घरोघरी कूलर घरघरायला लागतात. कूलरची करामत साधी आहे. ताटीतलं गवत ओलं राहतं, पंखा त्यातून हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तोही याच न्यायानं. ओला सुती दुपट्टा डोक्याला गुंडाळून उन्हात निघालेला माणूस म्हणजे चालताबोलता कूलरच.

आता हाच कूलर हिमालयाच्या चढावर अंगात घातला तर?

उन्हाळ्यात केदारनाथ, डिसेंबरात केदारकांठा, जमलं तर औलीला बर्फावर घसरायला. आपल्याकडच्या घरांतही आता हे बेत ठरतात. तयारीचा सगळा भर जाड जॅकेटवर असतो. त्याच्या आत मात्र रोजचं सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि खाली जीन्स. माझ्या मते घोळ तिथंच होतो.

चढावर माणूस घामानं भिजतो, मग बाहेर बर्फ का असेना. कापसाच्या तंतूला पाण्याची भारी ओढ. तो घाम पितो, धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. चालत असेपर्यंत काही कळत नाही. चहाला थांबलं, वारा सुटला की पाठीवरून गार लाट जाते. थोडा हिशेब करू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. भिजलेल्या बनियन-शर्टात पाव लिटर पाणी सहज असतं. ते सारं अंगाच्या उबेवर वाळवायचं, तर स्वस्थ बसलेलं शरीर दीड तासाहून अधिक वेळात जेवढी उष्णता तयार करतं, तेवढी खर्ची पडते. शिवाय पाणी हवेच्या चोवीसेक पट उष्णतावाहक. कपडा ऊब देतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळं; तिथं पाणी शिरलं की जाड कपडाही कुचकामी.

यासाठी बर्फच हवा असं नाही. समुद्रसपाटीपासून अमरावती सुमारे ३४० मीटरवर, चिखलदरा ११०० मीटरच्या वर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे परतवाड्याहून घाट चढून गेलं की पाच अंशांचा फरक पडतो. ऑगस्टच्या धुक्यापावसात गाविलगडावर भिजलेल्या जीन्समध्ये तीन तास फिरून दात वाजल्याचा अनुभव मी घेतला आहे. केदारनाथ तर साडेतीन हजार मीटरच्या वर. हिशेबानं अमरावतीपेक्षा वीसेक अंश थंड, वारा वेगळाच. हवा शून्य अंशावर असली आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असला, तर उघड्या त्वचेला ती उणे ६ सारखी लागते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातले नऊ ट्रेकर हिमवादळात सापडून मरण पावले. त्यांचे कपडे चुकले होते असं म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. पण महिना जूनचा होता.

मग घालायचं काय? अंगाला लागून पॉलिएस्टरचा खेळाडू घालतात तसा पातळ टी-शर्ट किंवा बारीक लोकरीचं बनियन. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. दोन दिवसांत त्याला वास मात्र असा येतो की तंबूत शेजारी झोपायला कोणी तयार होत नाही. लोकर पाणी पिते, पण ओली असतानाही बरीचशी ऊब राखते. मेंढरांमागं पावसात फिरणाऱ्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी का असते, याचं उत्तर यातच आहे. मधल्या थराला फ्लीस किंवा स्वेटर. बाजारात लोकरीचा म्हणून मिळणारा स्वेटर पुष्कळदा ॲक्रिलिकचा निघतो. पण पाण्याच्या बाबतीत तोही सुतापेक्षा बराच. सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, शक्यतो काखेत चेन असलेलं, म्हणजे आतली वाफ बाहेर जाते. पिसांचं फुगीर जॅकेट मुक्कामावर झकास, पण भिजलं की पिसं गोळा होऊन बसतात. जीन्स घरीच ठेवा. मोजे लोकरीचे घ्या, एक जोड जास्तीचा.

पैशापेक्षा सवय महत्त्वाची. चढाला लागताना किंचित थंडी वाजत असावी, म्हणजे घाम कमी येतो. थांबलात की अंग गार पडायच्या आधी जॅकेट चढवा. झोपायचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. दिवसा कितीही मोह झाला तरी त्यांना हात लावू नका.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सोबतचा माणूस कुडकुडतोय, बोलताना अडखळतोय, त्याला जॅकेटची चेन लावता येत नाही, असं दिसलं की थांबा. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, पांघरूण द्या. नीट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा पाजा. हातपाय चोळू नका. दारू तर नकोच. तिनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्तावला, तर तो बरा होतोय असं समजू नका. त्याला तातडीनं वैद्यकीय मदत हवी.

खरेदीआधी एक प्रयोग घरीच करता येईल. एक सुती टी-शर्ट आणि एक पॉलिएस्टरचा, दोन्ही बादलीत बुडवा, सारखेच पिळा आणि रात्री अंगणातल्या दोरीवर टाका. तासाभरानं दोन्हींना हात लावून पाहा.