ट्रॅक्टरच्या टर्बोचार्जरचा दाब : हाताने की विजेच्या यंत्रणेने?

डीझेल एंजिनास तेलाइतकीच हवेची गरज असते. हवा अपुरी पडल्यास तेल पुरते जळत नाही, काळा धूर निघतो व शक्ती वाया जाते. हवा दाबून भरण्याचे हे काम टर्बोचार्जर करतो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्र फिरते व त्याच आसावरील दुसरे चक्र हवा एंजिनात लोटते.

भार वाढला की धुराचा जोर वाढतो व त्याबरोबर हवेचा दाबही वाढतो. यास आळा घालण्याकरिता अनेक एंजिनांत वेस्टगेट नावाची झडप असते. धरणाचे जादा पाणी जसे सांडव्यावाटे जाते, तसा जादा धूर या झडपेतून चक्रास वगळून परस्पर निघून जातो.

साध्या रचनेत हवेचा दाब एका नळीने डबीतील पडद्यावर येतो. दाब स्प्रिंगच्या ताणाहून अधिक झाला की दांडी सरकते व झडप उघडते. दांडी आखूड केल्यास, अथवा नळीत हाताने फिरविण्याची झडप बसवून थोडी हवा बाहेर सोडल्यास, वेस्टगेट उशिरा उघडते व दाब वाढतो. ही रचना स्वस्त व दुरुस्तीस सोपी आहे. परंतु एकदा ठरविलेला दाब ती परिस्थितीनुसार बदलू शकत नाही.

विद्युत रचनेत दाबमापक दर क्षणी हवेचा दाब संगणकास कळवितो व संगणक सोलेनॉइड झडपेकरवी वेस्टगेट चालवितो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. अशी तूट ही यंत्रणा काही मर्यादेपर्यंत भरून काढू शकते. भारतात ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले व संगणकनियंत्रित एंजिनांचा प्रसार वाढला.

नांगरटीच्या दिवसांत शक्ती वाढावी म्हणून दांडीचा आटा फिरविण्याचा मोह होतो. तो टाळावा. तेलाचे प्रमाण तेच असताना नुसत्या जादा हवेने शक्तीत फारशी भर पडत नाही. दोन्ही वाढविल्यास हेडचे गॅस्केट फुटण्याचा, पिस्टन जळण्याचा व टर्बोचार्जर निकामी होण्याचा धोका असतो. ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिल्यास होणारे नुकसान वाढीव शक्तीच्या लाभाहून कितीतरी मोठे असते.

ट्रॅक्टरची ओढ कमी झाल्यास प्रथम हवेची गाळणी साफ आहे काय ते पाहावे. नंतर रबरी नळ्या व त्यांच्या पट्ट्या तपासाव्यात. डबीकडे जाणारी बारीक नळी फाटलेली असल्यास वेस्टगेट उघडत नाही व दाब मर्यादेबाहेर जातो. म्हणून ती त्वरित बदलावी. विद्युत रचनेत तारांची जोडणी पाहावी. दाब जुळविण्याचे काम मात्र दाबमापक असलेल्या कुशल कारागिराकडूनच, निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार, करून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती प्रत्येक ट्रॅक्टरधारकास अवश्य समजावून द्यावी.